काळ्या कोटाच्या चार चिठ्ठ्या

"जर्मन? त्यात काय एवढं!" शिंपीमास्तरांनी बायकोला ऐकवलं. "नात येईपर्यंत फाडफाड बोलतो की नाही बघ!"

लेकीचा संसार जर्मन मुलखात. सात वर्षांची नात रविवारी पहिल्यांदाच यायची होती आणि तिला जर्मनखेरीज दुसरं काही येत नाही, असं मास्तर धरून चालले होते. नातीशी आपण मुक्यासारखं बसायचं? छे!

पण ती भाषा भलतीच लहरी निघाली. साधा काळा कोट, पण वाक्यात जागा बदलली की त्याचं रूप बदलणार! डेर श्वार्त्से मांटेल, डेन श्वार्त्सन मांटेल, डेम श्वार्त्सन मांटेल, डेस श्वार्त्सन मांटेल्स. "आपणही म्हणतोच की, काळा कोट, काळ्या कोटाला," मास्तरांनी स्वतःची समजूत घातली आणि चार रूपं चार रंगांच्या चिठ्ठ्यांवर लिहून दुकानातल्या एकुलत्या एक काळ्या कोटाला टाचली. दुपारचं ऊन कापडांवर सांडलं होतं, इस्त्रीची वाफ तरंगत होती. त्या वाफेत नात धावत येत होती आणि आजोबा न अडखळता बोलत होते. पुटपुटता पुटपुटता मास्तरांची तंद्री लागली.

कोट वकीलसाहेबांचा होता. आणि दुकानाचा रिवाज असा : लाल चिठ्ठी म्हणजे आखूड करा, निळी म्हणजे सैल करा, हिरवी म्हणजे बटणं बदला, पिवळी म्हणजे इस्त्री. बायको मशीनवर बसली, तिने चिठ्ठ्यांचे रंग तेवढे पाहिले आणि चारही कामं चोख उरकली!

"अहो, हा कोट आहे की उशीचा अभ्रा?" वकीलसाहेब गरजले. "उद्या कोर्टात काय घालू?"

मास्तरांनी नातीच्या स्वागतासाठी शिवलेला स्वतःचा नवाकोरा काळा कोट घरातून आणून त्यांच्या अंगावर चढवला. जीव तुटला बिचाऱ्यांचा!

रविवारी तोच अभ्रा घालून मास्तर दारात उभे राहिले. नात समोर आली मात्र, सगळी रूपं पार उडाली! नुसतेच हात पुढे झाले, डोळे भरून आले.

नातीने मान वर करून सावकाश म्हटलं, "आजोबांचा काळा कोट छान आहे."

लेक हसली. "बाबा, तुमच्याशी बोलायचं म्हणून तीन महिने घोकतेय. आपल्या तर आठ विभक्त्या!"

नातीने खिशातून आठ रंगांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि त्यातली लाल आजोबांच्या कोटाला टाचायला गेली.

"अगं, नको!" आजी कात्री पाठीमागे लपवत ओरडली. "त्यात आता कापायला काही उरलं नाही!"