पंचवीस मिनिटांवरची दाढ

अलास्काच्या उत्तर भागात लाँग बेंड नावाच्या खेड्यात डॉ. प्रणिता गजभिये एकटी दंतवैद्य होती, आणि शेजारच्या सॅमन पॉइंटमध्ये मार्थाबाईंची दाढ सुजली होती. दोन गावांमध्ये रस्ता नव्हता, गोठलेली नदी होती; तिच्यावरून लोक स्नोमोबाइलने, म्हणजे बर्फावरच्या मोटारसायकलने, ये-जा करत. प्रणिताने रीतसर प्रवासाची मंजुरी मागितली.

मंजुरी दूर न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून येई. तिथे आरोग्य कंपनीच्या प्रवास विभागात देवांग होता. जन्म तिथलाच, पण आईवडील नागपूरचे आणि प्रणिताच्या ओळखीचे. त्यामुळे नकारसुद्धा तो घरच्यासारखा देई.

"मावशी, डिस्टन्स दाखवणाऱ्या वेबसाइटवर चेक केलं. एअर डिस्टन्स, फ्लाइट टाइम, सगळं आहे. फक्त पंचवीस मिनिटं! अप्रूव्ह केलं."

"अरे, पण इथून तिथे थेट विमान जातच नाही."

"फ्लाइट टाइम आहे म्हणजे फ्लाइट असणारच ना?"

"मी नदीवरून स्नोमोबाइलने जाते. दुपारपर्यंत पोचेन."

"स्नोमोबाइल मेन्यूमध्ये नाही, मावशी. सॉरी यार."

शेजारच्या गावाला जाण्यासाठी प्रणिता मग उलट्या दिशेला, अँकरेज शहराला गेली. तिथे धुकं. विमानतळाच्या बाकावर तिनं हत्यारांची बॅग उशाला घेतली. मार्थाबाईंचा फोन लागेना, आणि एवढी सूज पसरली तर काय होतं हे तिला नको तितकं ठाऊक होतं. देवांगचा मेसेज आला, "मावशी, तू अजून हवेतच आहेस? सिस्टिम काळजी करतेय."

तिसऱ्या दिवशी, दोन विमानं बदलून, ती सॅमन पॉइंटला उतरली. धावपट्टीवर मार्थाबाईंचा मुलगा उभा होता. तो तिच्याकडे भूत पाहावं तसा बघत राहिला.

"डॉक्टर, तुम्ही इथे? आईला तर मी काल स्नोमोबाइलवरून तुमच्या दवाखान्यात नेलं! कुलूप होतं, म्हणून शाळेत बसवून आलो."

प्रणिताने पार्सिपनीला फोन लावला. देवांग गंभीर झाला. पेशंट नेमल्या जागी गैरहजर, डॉक्टर नेमल्या वेळी गैरहजर. दोघींवर शेरा पडला होता. "तू तिथेच थांब, मावशी. पेशंटसाठी मी एअर ट्रॅव्हल टाकतो. पंचवीस मिनिटांत येईल."

प्रणिताने फोन खिशात टाकला आणि मुलाच्या मागे स्नोमोबाइलवर बसली. वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठत होतं. दुपार कलायच्या आत ती लाँग बेंडला पोचली आणि तिनं दाढ काढली.

"तीन दिवस होतीस कुठे?" मार्थाबाईंनी कापूस चावत विचारलं.

"तुमच्याकडेच येत होते."

अहवाल भरताना प्रवासाच्या साधनांत एकच पर्याय होता: विमान. वेळ खरी लिहिली की पान लाल होई. हात गारठलेले, बाहेर पेशंट ताटकळलेले. प्रणिताने 'पंचवीस मिनिटं' लिहिलं. पान हिरवं झालं.

"बघ मावशी, मी म्हटलं होतं ना?" देवांगचा आवाज आनंदाने भरून आला.

तो अहवाल वेबसाइटपर्यंत पोचला. आता तिथे त्या आकड्यापुढे 'प्रवाशांनी पडताळलेली वेळ' असं लिहिलेलं आहे. खाली प्रश्न आहे: ही माहिती उपयोगी वाटली का? हजारो लोकांनी 'होय' दाबलंय. त्यांतला एकही माणूस त्या गावांना कधी गेलेला नाही. तुम्हीही गेला नाहीत. पण दोन गावं पंचवीस मिनिटांवर आहेत, हे आता तुम्हालाही पाठ झालंय.