बाबांचे शेवटचे दोन दात

मला सगळे नियम पाठ आहेत! झोपेतून उठवून विचारा. सरकारी आरोग्य विम्यात कुठला दात भरून मिळतो, कुठला काढून मिळतो, वाकड्या दातांना तार कधी मंजूर होते नि कधी नाही, सगळं पुस्तक न उघडता सांगते. विमा कचेरीत लहान मुलांच्या दातांचं काम माझ्याकडे आहे आणि पोरांच्या आया माझ्याशी बोलताना आवाज खाली करतात. कचेरीत मला ‘कलमबाई’ म्हणतात. कौतुकानं म्हणतात, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

तर अशा या कलमबाईच्या सख्ख्या बाबांच्या तोंडात दोनच दात उरले होते. एक वर, एक खाली, अगदी समोरासमोर. बाकीची वस्ती केव्हाच उठून गेली होती. पण या दोघांवर बाबांचा धंदा चालायचा! बाबा शिंपी. आता दुकान नाही, पण घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे. गल्लीतले लोक पँटची उंची कमी करायला, कोटाचं अस्तर बदलायला येतात. कात्री हाताशी असते, तरी बाबा दोरा तोडणार दातांनीच. मान तिरकी करायची, दोरा त्या दोघांच्या मध्ये धरायचा आणि कट्! ते बघायला लहानपणी मी मशीनखाली बसून राहायचे.

खाण्याचे मात्र हाल होते. सफरचंदसुद्धा किसून द्यावं लागायचं. म्हणून एके दिवशी मी जाहीर केलं, “बाबा, तुम्हाला कवळी करून घेऊ. वरची, खालची, पूर्ण! सरकारी विम्यातून!”

“पण माझे दोन दात आहेत ना गं?”

“तीच तर अडचण आहे! अर्धवट कवळीला मंजुरी नाही. पूर्ण कवळी मिळते, पण तोंडात एकही दात नको. दात काढणं मात्र मोफत. मग काय करायचं?”

बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले. आतल्या दोघांनी ऐकू नये म्हणून असेल.

“चांगले आहेत गं दोन्ही,” ते हळूच म्हणाले.

“बाबा, नियम कुणाला ठाऊक आहेत? मला की तुम्हाला?”

“तुला.” बाबांनी सुई टाचण्यांच्या गादीत खोचून ठेवली. “तू म्हणतेस तर काढू.”

हे वाक्य मला अजून विसरता येत नाही.

आता, न दुखणारा दात कुठलाच डॉक्टर काढत नाही. म्हणून दुखण्याचं नाटक करायचं ठरलं. घरी चांगली तालीम घेतली. पण बाबा जन्मात कधी खोटं बोललेले नाहीत आणि हे मी हिशेबात धरलंच नव्हतं!

“काका, कुठे दुखतंय?” दातांच्या डॉक्टरनं विचारलं. तरुण मुलगा होता.

बाबांनी उजव्या गालावर हात ठेवला.

“काका, तिथे दातच नाही!”

“म्हणूनच दुखतंय!” बाबा म्हणाले.

मी मागून खाकरले. बाबांनी हात डाव्या गालावर नेला. तिथेही दात नव्हता. मी आणखी जोरात खाकरले. बाबा इतके गोंधळले की त्यांनी गुडघाच धरला!

डॉक्टरनं दिव्याचा उजेड पाडून दोन्ही दात ठोकून पाहिले. “दगडासारखे घट्ट आहेत. मी नाही काढणार.”

“अहो, माझी मुलगी विमा कचेरीत आहे!” बाबा बोलून गेले. “तिला सगळं पाठ आहे. तिलाच विचारा!”

डॉक्टरचा चेहरा खर्रकन उतरला. कचेरीतून तपासणीला कुणीतरी येणार अशी कुणकुण त्याला लागली होती, हे मला मागाहून कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की मला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं आणि पंखाही माझ्याकडे वळला!

“मॅडम, आधी सांगायचं ना! म्हणजे हे कचेरीतूनच ठरलंय का?”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण कुणी मॅडम म्हटलं की माझी मान आपोआप हलते, आणि ती होकाराचीच हलते.

“तरी मॅडम, खरं सांगू का, या दोन दातांच्या आधारानं...”

“कलम मला पाठ आहे!” मी म्हणाले.

बिचाऱ्यानं भूल दिली नि चिमटा उचलला. बाबांनी माझा हात धरला होता, तो सगळं उरकेपर्यंत सोडला नाही.

कवळीचा अर्ज घेऊन मी ऐटीत मोठ्या माणसांच्या दातांच्या खिडकीवर गेले. तिथल्या बाई माझ्याआधीपासून कचेरीत आहेत.

“दोन दात होते? मग काढले कशाला?” त्यांनी विचारलं.

“अर्धवट कवळीला मंजुरी नाही म्हणून.”

“अगं, तो नियम मुलांना! मुलांचे पुन्हा येतात म्हणून त्यांना देत नाहीत. मोठ्यांचे कुठे येतात? त्यांना उरलेल्या दातांना अडकवून कवळी देतात. चांगली घट्ट बसते.”

मी तिथल्या बाकावर बसले. खूप वेळ बसले. बाबांना मात्र एका शब्दानं सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

हिरड्या भरून आल्यावर कवळी आली. वरची बसली. खालची मात्र जागेवर थांबेना! तिला अडकायला काही नव्हतंच. पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक बाई कोट न्यायला आल्या, बाबांनी सवयीनं शेवटचा दोरा दातात धरून ओढला, आणि दोऱ्याबरोबर खालची कवळी बाहेर येऊन थेट कोटाच्या खिशात पडली. बाईंनी खिसा बघायला हात घातला आणि अशी किंकाळी फोडली की समोरच्या घरातले लोक धावत आले! मला हसू आलं, आणि मग बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून कात्री शोधत होते. तेव्हापासून दोरा कात्रीनंच कापतात. आधी हात तोंडाकडे जातो, मग आठवतं.

एवढं होऊनही त्यांचा माझ्यावरचा विश्वास हलला नाही. गेल्या आठवड्यात ते कचेरीत आले ते त्यांच्या घड्याळवाल्या मित्राला घेऊनच! माझ्यापुढे आयांची ही मोठी रांग.

“विचार, विचार,” बाबा मित्राला पुढे ढकलत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “माझ्या मुलीला सगळे नियम पाठ आहेत. बाळ, याचे तीन उरलेत. काढून टाकायचे ना?”

घड्याळवाले काका आ वासून उभे राहिले. तिन्ही दात नीट दिसत होते.

“काढू नका!” मी इतक्या जोरात ओरडले की एक पोरगं रडायला लागलं. “काका, मला काही पाठ नाही! पलीकडे त्या बाईंना विचारा. बाबा, माझी चूक झाली. मी मुलांचा नियम तुम्हाला लावला. तुमचे काढायला नको होते.”

काका तोंड हातानं झाकून पलीकडे सटकले.

“दोन्ही राहिले असते?” बाबांनी विचारलं.

“हो बाबा. दोन्ही.”

आता ओरडतील, असं मला वाटलं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते माझ्या डोक्यावरची पाटी वाचत होते. ‘फक्त लहान मुलांसाठी’.

“पाटी जरा मोठी करून घे,” ते म्हणाले. “आपल्या दोघांनाही दिसली नाही.”

पाटी हातभर लांब आहे हो! लाल अक्षरांत. आणि मी रोज तिच्याखालीच बसते.