नको म्हणणारे सर

डॉ. हिलाल पाटील विभागप्रमुख झाले, ते निव्वळ ‘नको’ म्हटल्यामुळे.

सुरतेत, उधन्यात वाढलेला माणूस. विश्व कसं जन्मलं याचं गणित मांडायचं, एवढाच त्याचा धंदा. विद्यापीठ मात्र मगनआप्पांचं. आप्पांची पलसाण्याला कापड रंगवायची मिल आणि स्वभाव अस्सल खानदेशी: पाहुणा ‘नको’ म्हणाला की त्याच्या ताटात आणखी दोन पळ्या ओतायच्या. तोच नियम त्यांनी विद्यापीठालाही लावला.

“विभागप्रमुख व्हा, सर.”

“नको आप्पा, माझा पेपर अर्धा आहे.”

“बघा, केवढा नम्र माणूस!” झालं, वाढलं. पुढे अधिष्ठातापदही ‘नको, नको’ करता करता पोटात गेलं. विश्व बिचारं जन्मायचं थांबून राहिलं. आणि आता कुलगुरूपद रिकामं झालं.

“योगिता, संपलो मी,” सर बायकोला म्हणाले. “हे गळ्यात पडलं तर पेपर मेला समज. पन्नाशी आली गं. माझ्या नावावर काय राहणार, पार्किंगची परिपत्रकं?”

“तुमनंच चुकस,” योगिता म्हणाली. “आप्पाले नको म्हनतस का कोनी? तोंड भरीसन मांगा. मंग कोनी देवाव नही.”

मुलाखतीत सरांनी लाज गुंडाळून ठेवली. “मला कुलगुरू व्हायचंच आहे. बंगला हवा, गाडी हवी, गाडीला पडदेसुद्धा हवेत.”

आप्पांचा चेहराच उतरला. हावरट पाहुण्याकडे बघावं तसं त्यांनी सरांकडे पाहिलं. बाहेर रसायनशास्त्राचे भूपेंद्र महाजन बसले होते, त्यांना आत बोलावलं. ते रीतीप्रमाणे “अहो, नको नको” म्हणाले आणि चहा येईपर्यंत कुलगुरू झाले.

नव्या कुलगुरूंनी पहिलं काम केलं ते हिलाल सरांना सगळ्या जबाबदाऱ्यांतून मोकळं करण्याचं. सर पेढे घेऊनच घरी आले. सांत्वनाला येणाऱ्या शेजाऱ्यांसमोर तोंड पाडून बसताना मात्र त्यांची पार दमछाक झाली.

मग सर टेबलाशी बसले. सुरुवातीचे दिवस पेन्सिलींना टोक करण्यात गेले. मग पंखा आवाज करत होता. पंखा दुरुस्त झाला, तेव्हा सरांना घाम फुटला. पेपर मीटिंगांमुळे अडलाच नव्हता! तो पहिलं पद मिळायच्या आधीपासूनच अडला होता. इतकी वर्षं आप्पांना शिव्या घालत दिवस झकास चालले होते. आता शिव्या घालायच्या तरी कुणाला? सरांना खरंच रडू आलं.

त्यांनी फोन उचलला. “भूपेंद्र, एखादी समिती-बिमिती अडली असेल तर... म्हणजे, मला वेळ नाहीच. पण तुझा फारच आग्रह असेल तर.”

“छे छे, सर! तुम्हाला कशाला त्रास? नको नको,” म्हणत कुलगुरूंनी फोन ठेवला.

“अरे, एकदा तरी आग्रह करायचास,” सर बंद फोनला म्हणाले.