छोट्याच्या मापाचा पिंजरा

कुठलीही वस्तू एकदा नजरेखालून गेली की तिला किती मोठा खोका लागेल, हे इंचपट्टी म्हणवला जाणारा माणूस जागच्या जागी सांगत असे. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत तो बावीस वर्षं सुपरवायझर होता. पियानो म्हणू नका, मत्स्यालय म्हणू नका, कुणाच्या आजोबांचा पुतळा म्हणू नका, सगळं त्याने इकडून तिकडे एक ओरखडा न उमटता पोचवलं होतं. ऑफिसातल्यांनी त्याचं नाव ‘इंचपट्टी’ ठेवलं ते चिडवायला, पण त्याने ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं.

त्यामुळे आत्याला कायमचं आपल्याकडे आणायचं ठरलं, तेव्हा त्याला कसलीच काळजी नव्हती. काळजी आत्याला होती. आतोबा गेल्यापासून ती दोन वर्षं एकटी राहत होती आणि तीनदा ‘येते’ म्हणून तीनदा फिरली होती. चौथ्यांदा तिने एकच अट घातली.

“छोट्या नीट आला पाहिजे. त्याला गाडीची सवय नाही. डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्याने सीट खाल्ली होती. त्याला आरामात बसता येईल असं काहीतरी आण. नाहीतर मी आहे तिथेच बरी.”

छोट्या म्हणजे तिचा कुत्रा. इंचपट्टीने त्याला तीन वर्षांपूर्वी पाहिला होता तेव्हा तो चपलेत झोपला होता.

प्राण्यांच्या सामानाच्या दुकानातली बाई मोठी चिकट निघाली. “जात कोणती? वजन किती? नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी किती? आत त्याला उभं राहता आलं पाहिजे, गोल फिरता आलं पाहिजे.”

“लहान आहे हो. नावच छोट्या आहे.”

“नावावरून माप कळत नाही,” बाई म्हणाली. “फोन करून विचारा.”

केवळ तिच्या समाधानासाठी त्याने फोन लावला. “आत्या, छोट्या केवढा आहे गं?”

“केवढा म्हणजे? मांडीवर बसतो की रोज.”

इंचपट्टीने विजयी मुद्रेने फोन खिशात टाकला आणि खांद्याला अडकवायची, जाळीची खिडकी असलेली एक सुबक पिशवी उचलली. बाई म्हणाली, “अहो, एकदा मोजून घेतलं असतं तर…” त्यावर त्याने तिला पियानोचा किस्सा सांगितला. सगळा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो ऑफिसची व्हॅन घेऊन आत्याच्या दारात उभा राहिला. मोठं सामान त्याची माणसं आदल्या दिवशीच घेऊन गेली होती. चार वाजता घरमालक किल्ली घ्यायला येणार होता. आत्याने दार उघडलं आणि तिच्या मागून वासराएवढं काहीतरी बाहेर आलं, त्याने दोन्ही पंजे इंचपट्टीच्या खांद्यांवर ठेवले आणि त्याचं तोंड धुऊन काढलं.

“ओळखलं बघ तुला,” आत्या कौतुकाने म्हणाली.

“हा मांडीवर बसतो?”

“बसतो की. मग माझे पाय बधिर होतात, तो भाग वेगळा.”

इंचपट्टीने पिशवी पाठीमागे लपवायच्या आधीच छोट्याला तिचा वास लागला. आत खाऊ असणार अशा खात्रीने त्याने डोकं घातलं. डोकं बरोबर मावलं. बाकीचा कुत्रा बाहेर राहिला. मग तोंडावर पिशवी घेऊन तो रिकाम्या घरातून भिंती चाचपत फिरला, आणि दोघांनी मिळून ती ओढून काढेपर्यंत जाळीची खिडकी फाटून त्याच्या गळ्यात आली होती.

आत्या हसली नाही. उरलेल्या एकुलत्या एका खुर्चीत बसली आणि शांतपणे म्हणाली, “असू दे रे. तुझा काही दोष नाही. मालकाला सांगते, अजून वर्षभर राहते म्हणून. माझं सामान तेवढं परत पाठव.”

 घरी बायकोने आत्यासाठी खिडकीजवळची खोली लावून ठेवली होती आणि ‘या वेळी त्यांना घेतल्याशिवाय येऊ नका’ असं बजावून पाठवलं होतं.

“एक तास दे मला,” तो म्हणाला.

गावातल्या दुकानात त्याने पुढचेमागचे प्रश्न ऐकूनच घेतले नाहीत. “सगळ्यात मोठा द्या,” म्हणाला. सुट्या भागांचा चपटा खोका मिळाला. त्याने तो घरात आडवा आणला, मधल्या खोलीत मांडला आणि बोल्ट पिळायला घेतले. लांबी चाळीस इंच, उंची तीस, रुंदी अठ्ठावीस. दमदार पिंजरा. आत्याने आत आपली जुनी गोधडी अंथरली. छोट्या आत गेला, उभा राहिला, गोल फिरला, धप्पकन पडला आणि घोरायला लागला.

“आवडलं की रे त्याला,” आत्या म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच प्रवासाला निघालेल्या माणसाची कळा आली.

“माप असं घ्यायचं असतं,” इंचपट्टी म्हणाला, आणि पिंजरा ढकलत दारापर्यंत नेला.

पिंजरा दारात अडकला.

त्याने टेप काढली. बावीस वर्षांत प्रथमच त्याला ती काढताना आजूबाजूला बघावंसं वाटलं. दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा सत्तावीस इंच होती. पिंजरा तिरका करावा तर आत तीस किलोचा कुत्रा. सुटा करावा तर कुत्रा आधी बाहेर यायला हवा. बिस्किटं दाखवली, शीळ घातली, मांजराचा आवाज काढला. छोट्याने एक डोळा उघडला आणि मिटला. आदल्याच आठवड्यात इंचपट्टीने आपल्या एका माणसाला, कपाट खोलीत जोडलं म्हणून, अर्धा तास फैलावर घेतलं होतं.

“अडकलं का?” आत्याने विचारलं.

“अडकलं नाही. दाराचं पान मध्ये येतंय. पान काढलं की दीड इंच मिळतो.” आणि पिंजरा परत मधल्या खोलीत ओढून तो स्क्रूड्रायव्हर घेऊन बिजागऱ्यांना भिडला. स्क्रू आतोबांच्या काळातल्या रंगाखाली गाडले गेले होते. चार वाजायला पाच मिनिटं होती तेव्हा शेवटचा निघाला आणि अख्खं दार त्याच्या मिठीत आलं.

पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसलेली आत्या बघत राहिली.

“एकतीस वर्षं या घरात काढली,” ती म्हणाली. “इतका उजेड कधी आला नव्हता बघ आत.”

“आत्या, तो घाबरलाय म्हणून हलत नाहीये का?”

“तो कशाला घाबरेल? बघ कसा पसरलाय. मी बसलेय म्हणून बसलाय तो.” तिने आत हात घालून छोट्याला थोपटलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली, पर्स काखेत मारली आणि म्हणाली, “मी गाडीत बसते.” दार नसलेल्या चौकटीतून ती बाहेर पडली, एकदाही मागे न बघता.

छोट्याने डोकं वर केलं. उठला, अंग झाडलं, पिंजऱ्यातून बाहेर आला, दाराला मिठी मारून उभ्या असलेल्या इंचपट्टीला वळसा घालून अंगणात गेला आणि व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर, आत्याच्या शेजारी, शहाण्यासारखा बसला.

त्याच क्षणी घरमालक फाटकातून आत आला.

“किल्ली न्यायला आलो होतो,” तो म्हणाला. त्याची नजर दारावरून चौकटीकडे गेली आणि परत दारावर आली. “हे पण तुमच्याच सामानात आहे का?”

“बिजागऱ्या तपासत होतो,” इंचपट्टी म्हणाला. “जाताना सगळं ठाकठीक करून जायची आमची पद्धत आहे.”

मग घरमालकाने दार धरलं आणि त्याने स्क्रू पिळले. व्हॅनमधून आत्या हॉर्न वाजवत होती, किंवा छोट्या असेल. दार लागलं, किल्ली दिली, नमस्कार झाले, आणि इंचपट्टीने घामाघूम होऊन गाडी काढली ती थेट हायवेला लागेपर्यंत थांबवली नाही. छोट्या अर्धा सीटवर आणि अर्धा आत्यावर झोपला होता. सीट शाबूत होती. आत्या खिडकीबाहेर बघत विचारत होती, “तुमच्याकडची खोली पूर्वेला आहे का रे?” एकंदरीत मोहीम फत्ते झाली होती.

तेवढ्यात फोन वाजला. घरमालक होता.

“अहो, मधल्या खोलीत तुमचा एक भलामोठा पिंजरा राहिलाय. बाहेर ठेवावा म्हटलं, तर दारातून निघतच नाहीये. काय करायचं?”

इंचपट्टीने आरशात पाहिलं. गाव केव्हाच मागे पडलं होतं.

“सोपं आहे,” तो अनुभवी आवाजात म्हणाला. “आधी दार काढून घ्या.”