उद्धवरावांच्या हाताची चव

चाकणच्या नाक्यावर उद्धवरावांच्या हाटेलातली उसळ खाल्ल्याशिवाय एसटी पुढे सरकत नसे. ही चव कुणाची, असं ड्रायव्हरनं विचारलं की उद्धवराव उजवा हात उंच करून दाखवत. मसाला रोज पहाटे घरी बायको, कुशाबाई, वाटून पाठवतात, एवढं सांगायचं राहून जाई. पंधरा वर्षं राहून गेल्यामुळे ते स्वतःही विसरले होते.

अशात महिला मंडळाच्या अध्यक्षा सुमनताई अडचणीतल्या कुटुंबांसाठी मदत मागायला आल्या.

"मदत काय घेऊन बसलाय, ताई! रविवारी अख्खं मंडळ हाटेलात जेवायला! गडीमानूस आत येनार न्हाई. अन् त्या दिशी एकाही बाईनं कामाला हात लावायचा न्हाई!"

बाया तोवर कधी हाटेलाची पायरी चढल्या नव्हत्या. आठ गावांत बातमी गेली.

रविवारी मसाला येईना. उद्धवराव घरी धावले. कुशाबाई इरकली लुगडं नेसून, नथ घालून तयार!

"मसाला?"

"मी मंडळात हाय. हात लावायचा न्हाई म्हनला न्हवं?"

"अगं, ते बाकीच्या बायांना!"

"मंग तवाच सांगायचं हुतं."

उद्धवरावांनी तो सुप्रसिद्ध हात स्वतःच चालवला. आधी कांदा करपला. मग तिखटाचा डबा उपडा झाला. तिखट झाकायला गूळ घातला, गूळ झाकायला मीठ. कपबश्या धुणाऱ्या मालोजीनं बोटभर चाखलं आणि तडक विहीर गाठली.

अकराला साठ बाया बाकांवर. पुढच्या बाकावर कुशाबाई! पहिला घास गेला आणि सगळ्यांनी पाण्याचे तांबे उचलले. अखेर म्हाताऱ्या भागूबाईंनी विचारलं, "उद्धवा, बैलाचं औषध आमाला वाढलंस का रं?"

सुमनताई कळवळल्या. "कुशाबाई, तुमच्या मालकांना बरं नाही का?"

"त्यांना काय धाड भरलीया! मसाला मी वाटते. आज मी पाव्हनी हाय."

साठ माना उद्धवरावांकडे वळल्या. त्यांनी उजवा हात हळूच पाठीमागे नेला.

सुमनताईंनी तिथंच सभा भरवली. "अडचणीतल्या कुटुंबांच्या यादीत एक राहिलं होतं. सापडलं!" मंडळानं उद्धवरावांना मसाला वाटायला शिकवावं, असा ठराव झाला. अनुमोदन कुशाबाईंनी दिलं, शिवाय दर रविवारची सुट्टीही मंजूर करून घेतली.

महिन्याभरानं एका रविवारी नाशिकच्या गाडीचा ड्रायव्हर बोटं चाटत ओरडला, "उद्धवराव, आजची चव कुणाची वो?"

त्या दिवशी ती खरोखरच उद्धवरावांची होती. पण पहाटेपासून पाट्याशी झुंजल्यामुळे हात काही वर जाईना!