लांडग्याच्या नावाची मेंढरं

दरवर्षी संक्रांतीच्या आसपास बाबूतात्या माझ्या शिवणकामाच्या दुकानात येतात आणि लांडग्यासाठी लाल चिंधी मागतात. गुलाबी दिली तर परत करतात.

"लांडग्याला रंग कळतो का हो तात्या?" मी एकदा विचारलं.

"त्याला न्हाई कळत. मला कळतो ना."

तात्या आमचे शेजारी. वडीगोद्रीबाहेरच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर मेंढरं चारतात. त्यांच्या घराण्याची जुनी रीत अशी, की नव्या कोकरांतलं एक चिंधी बांधून लांडग्याच्या नावानं सोडायचं. तेवढं त्यानं न्यावं, बाकीच्यांवर नजर ठेवू नये. घरच्यांनी ती रीत कधीच सोडून दिली होती. तात्यांनी मधेच एका वर्षी ती पुन्हा सुरू केली, पण आपल्या पद्धतीनं. लांडग्याचं कोकरू कळपाच्या शेवटी चालायला हवं. ते चालतं, आणि त्याच्या मागे काठी घेऊन तात्या चालतात. गार वारा सुटला की घोंगडी कोकरावर आणि तात्या कुडकुडत. त्यामुळे लांडगा दुसऱ्यांची मेंढरं नेतो आणि त्याच्या हक्काची तात्यांच्या कळपात गुबगुबीत होत राहतात.

त्यांतली ठकी तर डोक्यावर बसलेली. गळ्यात घंटी, चाल पाटलिणीची. दुकानात शिरून फॉल लावायला आलेल्या साड्या चघळायची. "हाकला हिला," म्हटलं की तात्यांचं उत्तर ठरलेलं.

"मी कसा हाकलू? माझी हाय का ती? लांडग्याची हाय."

एक खाटीक तिच्यासाठी दोनदा येऊन गेला. "मालकाला इचार," तात्या त्याला म्हणाले. "तिकडं टेकडीवर ऱ्हातो."

यंदा टेकडीवरच्या बिळात लांडगीण व्याली आणि गावातल्या शेषरावची मेंढी लांडग्यानं नेली. शेषराव चार माणसं आणि पहार घेऊन निघाला, बिळाचं तोंड दगडांनी बुजवायला. माझ्या दुकानासमोरच तात्या कळपासकट त्याला आडवे आले.

"आत पिल्लं हायेत, शेषराव."

"माझी मेंढी गाभण व्हती, तात्या. तिच्या पोटात काय व्हतं?"

शेषरावचं काही चूक नव्हतं. तात्या म्हणाले, "त्यानं तुझी नेली, तू त्याची ने. लाल चिंधीवाली कोन्तीबी घे. बराबर झालं. पन बिळाला हात लावायचा न्हाई."

शेषराव कळपातून फिरला आणि त्यानं सगळ्यांत गुबगुबीत मेंढी धरली. ठकी.

मी शिलाई टाकून बाहेर आले. ठकीची आई वितानाच मेली होती. तात्यांच्या बायकोनं, गयाबाईनं, तिला बाटलीनं दूध पाजून चुलीजवळ वाढवलं. त्याच वर्षी गयाबाई गेली. तात्यांनी पहिली लाल चिंधी नेली ती तेव्हाच, ठकीसाठी. "लांडग्याच्या नावावर टाकली की कोनी इकत मागत न्हाई," एवढंच म्हणाले होते.

"तात्या, दुसरी द्या," मी म्हणाले.

"शब्द दिला, सुमन."

ते ठकीच्या गळ्यातली घंटी सोडायला बसले. गाठ सुटेना. शेवटी मीच माझी कात्री दिली. शेषराव ठकीला घेऊन गेला आणि पहारवाले घरी परतले.

मला तात्यांचा राग आला होता. तो मी बोलूनही दाखवला.

"इतकी वर्सं त्याच्या नावानं हिला वाचवली," ते म्हणाले. "आता त्याच्यावर बारी आली, तं मी मागं सरू का?"

बिळातली पिल्लं आता बाहेर उन्हात खेळतात म्हणे. तात्या रोज सकाळी कळप घेऊन तिकडेच जातात. घंटी त्यांच्या बंडीच्या खिशात असते, चालताना वाजते. ती ऐकली की मी अजूनही घाईघाईनं साड्या उचलून वरच्या फळीवर ठेवते.