देह घरचा, आत्मा परका

सामंतकाकांच्या हातात कोणी नवा फोन दिला की ते तो चालू करत नाहीत. आधी उलटा करतात, पाठीवरून बोट फिरवतात आणि देणाऱ्याला विचारतात, "देह कळला. आत्मा कोणाचा?"

माझ्या नवऱ्याने हौसेने फोन घेतला तेव्हा तो बिचारा कॅमेऱ्याचं कौतुक करायला वर त्यांच्याकडे गेला होता. बऱ्याच वेळाने खाली आला तो तोंड पाडून. म्हणाला, "अगं, आपल्या फोनमध्ये परका आत्मा आहे म्हणे." जसा काही तो मीच घातला होता.

सामंतकाका आमच्या अंधेरी पूर्वेच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्यावर. शिवाय मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. हे पद मी मागितलं नव्हतं. ज्या सभेला मी गेले नाही, त्याच सभेत मला एकमताने निवडलं. तेव्हापासून सोसायटीतल्या गळक्या टाक्या आणि सामंतकाका, दोन्ही माझ्याकडे आहेत.

काका मरोळला एका फोन कंपनीच्या ऑफिसात होते. ती कंपनी फोन स्वतः बनवायची आणि तो चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे काकांच्या भाषेत आत्मा, तीही तिची स्वतःचीच होती. त्या सिस्टीमचं मराठी काकांकडे होतं. म्हणजे पडद्यावर जी काही मराठी अक्षरं दिसायची, ती ते ठरवायचे. चार्जिंग संपत आलं की त्या फोनवर 'भूक लागली' असं यायचं. मेसेजला 'निरोप' म्हणायचे. काही बिघडलं तर फोन सरळ सांगायचा, 'नाही जमलं'. मला विचाराल तर बरं होतं ते, पण हे मी काकांसमोर कधी बोलत नाही, कारण मग जेवायची वेळ टळून जाते.

एके दिवशी कंपनीने जाहीर केलं की यापुढे आपले फोन दुसऱ्या एका कंपनीच्या सिस्टीमवर चालतील. काकांचा विभाग बंद झाला आणि काका वेळेआधीच निवृत्त झाले. कंपन्या असं काहीतरी रोज ठरवत असतात, लोक दोन दिवस हळहळतात आणि कामाला लागतात. आमच्या काकांनी सूतक पाळलं. दाढी वाढवली, गोड सोडलं, आणि भेटायला येईल त्याला खालच्या आवाजात घडलेली हकिकत सांगायला लागले.

पेपरवाल्यांनी त्यात तेल ओतलं. बातमीत छापलं होतं की कंपनीने दुसऱ्याची सिस्टीम दत्तक घेतली. काका तो पेपर घेऊन सकाळीच माझ्या दारात.

"दत्तक घेतलेल्या पोराचं आडनाव बदलतं ना गो?"

"बदलतं."

"मग हा त्यांचा नवा फोन चालू कर. पयलं नाव कोणाचं इलां? दुसऱ्या कंपनीचं. म्हणजे आडनाव कोणाचं बदललं? आमचं. मग दत्तक कोण गेलं? घेतलं कसलं, डोंबल."

मला ऑफिसला जायचं होतं. सुटका व्हावी म्हणून मी म्हटलं, "मग घरजावई म्हणा." तोंडातून शब्द गेला आणि मी कायमची फसले. त्या दिवसापासून त्यांनी आपल्या कंपनीचं नावच घरजावई ठेवलं. घरजावयाने नवीन फोन काढला, घरजावयाचा शेअर पडला, असं ते बोलत आणि नवीन भाडेकरूंना वाटे, ह्यांच्या मुलीचं काहीतरी बिनसलंय.

सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजी फोनवर पोथी वाचत होते. दुसऱ्या अध्यायाला काकांनी नम्रपणे हात वर केला आणि विचारलं, "गुरुजी, देवाचा देह समजला. पोथीचा आत्मा कोणाचा?" गुरुजींनी तेवढ्याच नम्रपणे सांगितलं की प्रश्न प्रसादानंतर घेऊ. प्रसादानंतर गुरुजी कधी निघून गेले ते कोणाला कळलं नाही.

वार्षिक सभेत मी गेटसाठी ॲप आणायचा ठराव मांडला. पाहुणा आला की वॉचमनने नाव टाकायचं, आपल्या फोनवर विचारणा येते, आपण हो म्हटलं की पाहुणा आत. यात कोणाला काय दुखायचं कारण होतं? काका उभे राहिले. "गेट आपलं, वॉचमन आपला, पाहुणा आपला, आणि आत सोडायचं की नाही ते परक्याने विचारायचं? ही सोसायटी घरजावई व्हायला निघाली आहे." दोन-तीन टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणारे तेच, जे बटाटेवडे येईपर्यंत कुठल्याही वाक्याला टाळ्या वाजवतात.

ठराव मंजूर झाला, पण काकांच्या जुन्या फोनवर ते ॲप चालेना. मग त्यांच्या घरासाठी माझा नंबर द्यावा लागला. तेव्हापासून त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी माझ्या परवानगीने येतो. गॅसवाला, प्लंबर, मालवणहून फणस घेऊन आलेला मेव्हणा, सगळे. एकदा मी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये माझ्या फोनवरून आकडे दाखवत होते. त्या आकड्यांवर मोठ्या अक्षरांत आलं, 'सामंत यांच्याकडे मासेवाली. आत सोडू?' खारदांड्याची कोळीण होती, टोपली डोक्यावर घेऊन गेटवर उभी. माझे साहेब म्हणाले, "सोडा, मॅडम. मासे खराब होतील."

त्या संध्याकाळी मी तणतणत वर गेले. "काका, एक साधा स्मार्टफोन घ्या ना. माझी वाट लागते रोज."

"माका शिकवू नको. ह्यो चालतोय ना? चालत्याला कशाक हाकलायचा?"

"अहो, तुमच्या कंपनीनेच सोडला तो."

"कंपनीची मती गेली म्हणून माझी जावक व्हयी?" मग त्यांनी टेबलावरचा कागद उचलला. मुलगी सुट्टीत आली तेव्हा विसरून गेलेल्या फोनवर जे वाक्य दिसलं होतं, ते त्यांनी त्यावर उतरवून ठेवलं होतं. "ऐक. 'अनुप्रयोग प्रतिसाद देत नाहीये.' असं घरात कोण बोलतं? मी जर म्हटलं, सुलभा, तू प्रतिसाद देत नाहीयेस, तर ही लाटणं घेऊन येईल."

सुलभाकाकू पलीकडे पाटावर बसून लसूण सोलत होत्या. त्या नुसत्या हसल्या. काकू पूर्वी बोलायला फटकळ होत्या, हल्ली हसतात जास्त. नवऱ्याच्या बडबडीला कंटाळल्या असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मी असते तर केव्हाच कंटाळले असते.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात काका, हातात स्टीलचा डबा. डब्यात त्यांचे दोन जुने फोन होते, एक त्यांचा आणि एक काकूंचा. दोन्हींच्या बॅटऱ्या पुरीसारख्या फुगल्या होत्या. काका स्टेशनपासून मरोळपर्यंतची सगळी दुकानं पालथी घालून आले होते. ती बॅटरी आता कोणी बनवत नाही.

"सुलभासाठी एक नवा फोन लावून दे," ते म्हणाले. "माझं मुलीच्या जुन्यावर भागेल."

इतकी वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. सोडते की काय? "परका आत्मा चालेल का काका?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"चालेल. फक्त त्यातले शब्द बदलून दे. आमचे घाल."

मग मात्र माझं डोकं तापलं. "काका, ते शब्द मला बदलता येत नाहीत. तुम्ही चांगले शब्द केले होते, कबूल. पण एवढा कसला अभिमान? फोन लावता आला म्हणजे झालं ना?"

"माझे नव्हेत गो ते," काका म्हणाले. "हिचे."

ते खुर्चीत बसले आणि डबा मांडीवर धरून सांगत राहिले. ऑफिसातून इंग्रजी शब्द मिळायचे. रात्री काकू भाकऱ्या थापायच्या, काका ओट्यापाशी उभे राहून विचारायचे की असं झालं तर तू काय म्हणशील? त्या हात न थांबवता सांगायच्या. सकाळी ते मरोळला जाऊन तेच सांगायचे, आपलं म्हणून.

"आता तिला विसरायला होतं. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. संध्याकाळी ती एकटी देवळात जाते, तेवढं मी अडवत नाही. अडवलं तर ती घरात नुसती बसून राहील. कधी वाट चुकते. मग त्या फोनवरून मला लावते. दुसरे शब्द ती वाचते, पण तिला ते लागत नाहीत. तिचे तिला लागतात."

मी फोन आणला, चार्ज केला आणि संध्याकाळी वर गेले. काकूंनी तो दोन्ही हातांत धरला. त्या एकेक चित्राखालची अक्षरं मोठ्याने वाचत होत्या. 'संपर्क' दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने विचारलं, "यात माणसं कुठे आहेत गं?"

"आमच्यात तिथे 'माणसं' लिहिलं होतं," काका म्हणाले.

कंपनीने दिलेलं नाव बदलता येत नाही. पण पडद्यावर आपला स्वतःचा कप्पा करून त्याला हवं ते नाव देता येतं, एवढं मला येत होतं. मी कप्पा केला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'माणसं' लिहिलं आणि बाकी सगळी चित्रं काढून टाकली. विचारलं, "यात कोणाकोणाला ठेवू? मुलगी, मेव्हणे, डॉक्टर?"

"एकच ठेव. मी. बाकीची तिच्या ध्यानात नाहीत आता."

मी त्यांचा नंबर घातला. काका खिडकीकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, "तुझा पण ठेव. मला काही झालं तर तिने लावायचा कोणाला?"

या माणसावर मी रोज चिडत होते आणि तो मला त्या कप्प्यात घेत होता. माझा नंबर मी घातला आणि नावाच्या जागी येऊन थांबले.

"सुलभा, हिचं नाव काय लिहूचां?" काकांनी विचारलं.

काकूंनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. माझं नाव त्यांना सापडत नव्हतं, ते दिसत होतं. मी सांगायला तोंड उघडलं तर काकांनी मला हातानेच थांबवलं.

"खालची," काकू म्हणाल्या. "आपली खालची."

काकांनी फोन माझ्याकडून घेतला आणि एका बोटाने, एकही काना-मात्रा न चुकवता ते टाइप केलं. मग म्हणाले, "लाव बघू तिला."

काकूंनी 'माणसं' दाबलं, मग मला दाबलं. माझ्या हातातला फोन वाजला. त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी राहून मी तो कानाला लावला.

"पोचलीस का गं घरी?" काकूंनी फोनमध्ये विचारलं.

"पोचले, काकू," मी म्हटलं.